कॉर्नरमागची खुर्ची

गोरखने चेंडूला पाय लावायच्या आधीच त्यांच्या गोलकीपरने पाऊल उचललं. एवढंच झालं. ते पाऊल माझ्याशिवाय कुणी पाहिलंही नसेल, कारण कॉर्नरच्या वेळी सगळे चेंडूकडे बघतात आणि मी त्याच्या इतका जवळ उभा होतो की त्याच्या ओल्या हातमोज्यांचा वास मला येत होता. मी ओरडलो होतो, 'काष्टी.' त्या दिवशी काष्टी म्हणजे गोलचा लांबचा पोल. हे आमच्या संघाला ठाऊक होतं, बाहेर कुणालाच नव्हतं. आणि हा गडी, ज्याचं मला नावही माहीत नाही, गोरख अजून मागे सरकून अंदाज घेत असताना निवांत लांबच्या पोलकडे चालत गेला, आपली एसटी कुठल्या फलाटावर लागते हे माहीत असलेल्या माणसासारखा. चेंडू आला आणि त्याच्या पोटाशी विसावला. तो छातीशी धरून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. कुजकं हसला असं नाही, ओळखीचं हसला. श्रीरामपूरचा तो सामना आम्ही हरलो. या मोसमातला हा सलग दुसरा पराभव होता, पण घरी परतताना माझ्या डोक्यात पराभव नव्हता, ते पाऊल होतं.

मी स्टॉपर खेळतो, गोलसमोर बचावाच्या मधोमध, आणि यंदा कप्तान आहे. स्टॉपरला संशय हा रोग नसतो, त्याचं कामच ते. समोरचा डावीकडे बघतोय म्हणजे उजवीकडे जाणार, लंगडतोय म्हणजे धावणार. आई म्हणते की इमॅन्युएलचा हा गुण मैदानावरचा नाहीच, जन्माचा आहे. लहानपणी पाहुण्याने खाऊ दिला तरी मी आधी त्याला खायला लावायचो. असेल. पण या वर्षी संशयाला जागाच इतकी मोकळी झाली होती की माझ्यासारख्याने तिथे बिऱ्हाड केलं नसतं तरच नवल. जूनमध्ये संस्थेने जॉर्ज सरांना शाल दिली, नारळ दिला, प्राचार्यांनी त्यांच्या हयातभराच्या सेवेवर भाषण केलं, आणि दुसऱ्या आठवड्यात मैदानावर नितीन सर आले. पुण्याहून. परवाना असलेले प्रशिक्षक. त्यांच्याबरोबर एंजल मॅडम, ज्या चेंडूला हात लावत नाहीत, नुसत्या तिपाईवर टॅब लावून आमचं चित्रण करतात आणि रात्री घरी बसून आम्ही कुठे चुकलो ते शोधतात. जॉर्ज सर आमच्या चुका जागच्या जागी सांगायचे, तेही अशा शब्दांत की आठवडाभर विसरायची सोय नाही. या दोघांनी कधी आवाज चढवला नाही. मला तेच खटकायचं. गोड बोलणाऱ्याच्या खिशात काय असेल सांगता येत नाही.

गावांची भाषा जॉर्ज सरांची. कॉर्नर मारताना चेंडू कुठे टाकायचा हे समोरच्यांना कळू न देता एकमेकांना सांगायचं, तर नावं हवीत. सरांनी आपल्या आयुष्यातली गावं दिली. काष्टीला त्यांची पहिली नोकरी लागली, म्हणून जवळचा पोल काष्टी. शेवगाव त्यांची सासुरवाडी, आणि सासुरवाडी लांबच बरी, म्हणून लांबचा पोल शेवगाव. देवळाली प्रवरा त्यांचं जन्मगाव. ती हाक आली की चेंडू उंच उडवायचा नाही, मागे घरच्या माणसाकडे साधा पास द्यायचा. नितीन सरांना आकडे हवे होते. मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी नावं ठेवली, पण दर सामन्याला अर्थ बदलायचं ठरवलं. सामन्याच्या आदल्या दुपारी जिमखान्याच्या खोलीत दार लावून ते ठरायचं, आणि उठताना नितीन सर म्हणायचे की ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये.

आता खोलीबाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. सामन्याच्या सकाळी आम्ही सगळे तारकपूरमागे जॉर्ज सरांच्या घरी जातो. हे मी कॉलेजात यायच्याही आधीपासून चालत आलेलं. सर चहा करतात, बेकरीतली खारी परातीत ओततात, मग सगळ्यांनी उभं राहायचं आणि सर डोळे मिटून प्रार्थना करतात, कुणाचा पाय मुरगळू नये आणि कुणाची नियत फिरू नये म्हणून. आमच्यात नाथाचा गंडा बांधलेले आहेत, बाबासाहेबांचा फोटो पाकिटात ठेवणारे आहेत, माझ्यासारखे चर्चवाले आहेत. सगळे 'आमेन' म्हणतात आणि सगळ्यांची नजर खारीवर असते. मग सर मला विचारतात, 'इमू, आज कुठलं गाव कुठं?' मी सांगतो. जुलैत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नितीन सरांची ती खोलीबाहेरची ताकीदही हसत हसत सांगितली. सरही हसले. म्हणाले, 'मग मला कशाला सांगतोस?' मी म्हटलं, 'तुम्ही काय बाहेरचे आहात का, सर?' त्यावर त्यांनी माझ्या बशीत अजून एक खारी टाकली.

मैदानावरही ते येतातच. जुन्या स्कूटरला मागे घडीची खुर्ची बांधलेली. आमच्या बाकावर बसत नाहीत, नितीन सरांनी एकदा बोलावलं तरी बसले नाहीत. आम्ही ज्या गोलवर चढाई करतो त्या बाजूला खुर्ची टाकतात, आणि आम्हाला कॉर्नर मिळाला की खुर्ची उचलून त्या कोपऱ्यावर, झेंड्याच्या मागे, कॉर्नर मारणाऱ्याच्या पाठीशी जाऊन बसतात. शिकवत होते तेव्हाही तिथेच असायचे. मी दहा वर्षांचा असल्यापासून कॉर्नर म्हटला की चेंडू, झेंडा आणि जॉर्ज सर असं एकच चित्र पाहत आलोय. आपल्या घरातलं घड्याळ आपल्याला दिसतं, पण त्याची भिंत कुठल्या रंगाची ते विचारलं तर चटकन सांगता येत नाही, तसं.

तिसरा सामना संगमनेरशी. या वेळी मी चेंडूकडे बघितलंच नाही. कॉर्नर मिळाला, हाक दिली आणि गोलकीपरच्या पायांकडे टक लावून उभा राहिलो. तो आधी माझ्याकडे बघत होता, मग गोरखच्या दिशेने, आणि मग, गोरखच्या पायाला चेंडू लागायच्या आधी, हा सरकला. बरोबर जागी. पुढच्या कॉर्नरला तेच. म्हणजे श्रीरामपूरचं ते पाऊल योगायोग नव्हता. लष्कराच्या के. के. रेंजवर त्या दिवशी सराव चालू होता आणि लांबून तोफांचे दबके आवाज येत होते, प्रत्येक आवाजाबरोबर मी आमच्या एकेका माणसाकडे बघत होतो. हा? का हा? ज्यांच्याबरोबर एका बाटलीने पाणी प्यायलो त्यांचे चेहरे मला बसमधल्या परक्या माणसांसारखे दिसत होते. सामना गेला तो गेलाच. बाकावर एंजल मॅडम टॅबवर मान खाली घालून बसल्या होत्या आणि मला वाटलं, हिच्याकडे सगळं आहे. आमच्या बैठका, आमचे सराव, सगळं त्या काचेत. पुण्याची बाई. आज इथे, उद्या कुठे. तिला श्रीरामपूर काय नि संगमनेर काय.

पण नितीन सरांचा संशय दुसरीकडे गेला होता. सोमवारी त्यांनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाले, गोरक्षनाथचा मावसभाऊ श्रीरामपूरकडून खेळतो, तुला माहीत होतं का. मला माहीत होतं. सगळ्यांनाच होतं, नगर जिल्ह्यात ज्याचा मावसभाऊ दुसऱ्या संघात नाही असा खेळाडू शोधून दाखवा. पण पुण्याच्या माणसाला ते कसं सांगणार. सर शांतपणे म्हणाले की पुढच्या सामन्याला गोरख बाहेर बसेल, आणि तो बाहेर असताना हे थांबलं तर त्याचं नाव संघातून काढावं लागेल. नाव काढलं की त्याची होस्टेलची जागा जाणार, कारण ती खेळाडू म्हणून मिळालेली. जागा गेली की गोरख शेवगावला परत. रोज येऊन-जाऊन कॉलेज करणं त्याच्या घरच्यांनी मनावर घेतलंच नसतं. तिकडे थोरल्या भावाचं गॅरेज आहे, आणि भाऊ पहिल्यापासून म्हणतोय की बी.ए. करून काय पाना धरता येतो का.

गोरखला कुणीतरी सांगितलंच. संध्याकाळी तो मैदानाच्या कडेला बुटांच्या स्टडला लागलेला चिखल काडीने काढत बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो तर वर न बघता म्हणाला, 'तुला बी तसंच वाटतं का?' मी नाही म्हणायला एक श्वास उशीर केला. एकच श्वास, पण त्याने तो ऐकला. 'ऱ्हाऊ दे,' तो म्हणाला. 'आमी शेवगाववाले, आमचं काय. पन मी इकलं आसतं ना इमू, तर आदी तुला सांगितलं आसतं.' आणि काडी फेकून उठला. तो जाईपर्यंत मी तिथेच होतो. मला स्वतःची लाज वाटली, पण लाजेखाली तो संशय तसाच होता, बुटातल्या खड्यासारखा. मावसभाऊ तर आहेच ना, असं माझ्यातलं कुणीतरी म्हणत होतं.

म्हणून मी एंजल मॅडमकडे गेलो. खरं कारण सांगायचं तर तिला पकडायला गेलो. संगमनेरच्या सामन्याचं चित्रण बघायचंय असं म्हटलं; मनात होतं की ती टाळाटाळ करेल, टॅब बंद आहे म्हणेल. तिने दुसरी खुर्ची ओढली, टॅब माझ्याकडे सरकवला आणि आपला डबा उघडला. म्हणाली, कॉर्नर बघायचे असतील तर ते वेगळे काढून ठेवलेत, मलाही त्यात काहीतरी दिसतंय पण कळत नाही. भेंडीची भाजी होती. मला विचारलं, हवी का. मी नको म्हटलं आणि बघायला लागलो.

माझा हाक देणारा हात. गोलकीपरची मान. मॅडमने बोट ठेवून दाखवलं, बघ, हाक झाल्यावर तो तुझ्याकडे बघत नाही, आणि गोरखच्या पायाकडेही नाही. त्याची नजर गोरखच्या वर जाते. वर काय आहे? मी चित्र मोठं केलं. वर काहीच नव्हतं. झेंडा होता, कुंपण होतं, जॉर्ज सर होते. मॅडम पोळी तोडत म्हणाल्या की त्या आजोबांच्या मागे कुणी उभं असतं का ते मी खूप शोधलं. आणि तेव्हा मला दिसलं. मी हाक देतो, आणि आजोबा उठतात. खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून, मान उंचावून, टाचा वर करून. दुसऱ्या कॉर्नरला हाक देतो, आणि आजोबा बसून राहतात, जरा पुढे वाकतात. मी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. लांबच्या पोलवर चेंडू जाणार असला की सर उठत होते. लांब जाणारा चेंडू सरांना बसून बघवत नाही. कधीच बघवला नाही. उन्हाळी शिबिरात आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो, कुल्ल्याला खुर्ची चिकटल्यासारखं उठून दाखवायचो. त्या शिबिरांत नुसते आम्हीच नव्हतो. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी, भिंगार, जिल्ह्यातल्या निम्म्या गोलकीपरांना चेंडू धरायला सरांनीच शिकवलंय. त्यांना आमची गावं कळायची गरजच नव्हती. सर उठले की मागे जायचं, बसले की पुढे यायचं. आणि आज कुठल्या हाकेला उठायचं हे सरांना सकाळी, चहा पिता पिता, मी सांगत होतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मॅडमनी विचारलं, काही दिसलं का. मी नाही म्हटलं. हे खोटं मी इतक्या सहज बोललो की नंतर सायकल चालवताना मला त्याचीच भीती वाटली. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला स्वच्छ दिसत होतं. नितीन सरांनी अत्यंत नम्रपणे पत्र दिलं असतं, सामन्याच्या वेळी मैदानावर बाहेरच्या व्यक्तींना मनाई. शिपायाने जॉर्ज सरांना फाटकाशी थांबवलं असतं. न सांगावं तर गोरख गॅरेजमध्ये. डीएसपी चौकात सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मी पाय टेकून तसाच उभा राहिलो, कारण तेवढ्यात तिसरा विचार आला होता आणि तो सगळ्यात घाण होता. सरांना माहीत असेल तर? शाल आणि नारळ देऊन ज्यांनी घरी बसवलं त्यांचा नवा संघ हरावा असं त्यांना वाटत असेल तर? बोलावूनही ते बाकावर बसत नाहीत. बरोबर कोपऱ्यावरच येऊन बसतात. आणि दर सामन्याला विचारतात, आज कुठलं गाव कुठं. मला आठवत होतं ते सगळं आता उलट्या बाजूने दिसायला लागलं. ती जास्तीची खारी. ज्या माणसाने मला पहिले बूट आणून दिले, वडील गेले तेव्हा जो आमच्या ओट्यावर तीन दिवस नुसता बसून होता, त्याच्यावर मी भर चौकात संशय घेत होतो, आणि मला तो थांबवता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नितीन सरांना म्हटलं की राहुरीच्या सामन्यात गोरखला खेळू द्या, कॉर्नर तोच मारील, आणि या वेळी फुटलं तर माझी कप्तानी काढा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि हो म्हणाले. आता ते माझ्यावरही संशय घेत असावेत; घेऊ देत. आदल्या दुपारी दार लावून ठरलं: शेवगाव म्हणजे जवळचा पोल. गावं उलटी.

सकाळी सरांच्या घरी नेहमीसारखी गर्दी. गोरख आला होता, पण माझ्यापासून लांब उभा राहिला. प्रार्थनेत सरांनी नियत फिरू नये हे वाक्य म्हटलं आणि मी डोळे उघडले. सरांचे मिटलेले होते. दाढी घाईत केलेली, हनुवटीखाली पांढरे खुंट राहिलेले. मग त्यांनी विचारलं. मी बशीकडे बघत म्हणालो, 'आज जुनीच हायेत, सर. तुमचीच. काष्टी जवळ, शेवगाव लांब.' सरांना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, त्या पुण्याच्या पोराला कळतंय म्हणायचं. खारी माझ्या घशात अडकली आणि त्यांनीच पाणी आणून दिलं.

राहुरीच्या सामन्यात कॉर्नरसाठी बराच वेळ थांबावं लागलं. मिळाला तेव्हा मी पुढे गेलो, गोलकीपरसमोर उभा राहिलो. आज पहिल्यांदाच मी सगळं मुद्दाम बघत होतो. गोरखने चेंडू ठेवला. सर खुर्ची घेऊन आले, जरा धापा टाकत, खुर्ची उघडली, बसले, टोपी सारखी केली. मी गोरखकडे बघून हात वर केला आणि ओरडलो, 'शेवगाव.'

सर उठले. दांड्यावर हात टेकून, मान उंचावून, टाचा वर करून, तोंड थोडं उघडं. त्या तोंडावर कसलाही डाव नव्हता. शिकवलेल्या पोराचा चेंडू लांबवर जाणार आणि तो आपल्याला दिसायला हवा, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं. गोलकीपर मागे सरकला. चेंडू जवळ आला, खाली, वेगात, गोरखने त्याच्या सगळ्या रागासकट मारलेला, आणि मला फक्त डोकं लावायचं होतं. मी लावलं. मोसमातला आमचा पहिला गोल.

पोरं अंगावर पडली. त्या ढिगाखालून मला गोलकीपर दिसत होता. तो जाळ्यातला चेंडू काढायचं सोडून आपल्या बॅकवर खेकसत होता, कोपऱ्याकडे हात करून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात: 'आरं पन सर उठल्ते की! सर उठल्ते!'

सर अजून उभेच होते. त्यांनी त्या पोराकडे बघितलं. मग आपल्या खुर्चीकडे, जिच्यावरून ते उठले होते. मग माझ्याकडे. मी नजर काढून घेतली आणि पोरांबरोबर ओरडायला लागलो.

उत्तरार्धात आम्हाला अजून कॉर्नर मिळाले. सरांची खुर्ची जागची हलली नाही. ते कुंपणाशी बसून होते, दोन्ही हातांनी खुर्चीची बैठक धरून, थंडी वाजणाऱ्या माणसासारखे. आम्ही जिंकलो. नितीन सरांनी एंजल मॅडमच्या अभ्यासाचं कौतुक केलं, गोरखच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याची मनापासून माफी मागितली, सगळ्यांसमोर. तेवढा मोठेपणा मी त्यांच्यात धरला नव्हता. गोरख माझ्याकडे येऊन म्हणाला की हेडर लई भारी हुता. मी स्कूटर शोधत होतो. ती गेली होती.

पुढचा सामना भिंगारशी होता. सकाळी मी सगळ्यांच्या मागून गेलो. मनाची तयारी केली होती की दाराला कुलूप असेल, किंवा सर ओरडतील. दार उघडं होतं, चहा उकळत होता. खारी होती. प्रार्थना झाली; नियत फिरू नये हे वाक्य होतं तसंच होतं. सरांनी गोरखच्या भावाच्या गॅरेजची चौकशी केली, एकाच्या घोट्याला पट्टी बांधून दिली, मला विचारलं की आईची कंबर कशी आहे. घडीची खुर्ची बोळात भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि तिच्यावर धुतलेले कपडे वाळत होते. पोरं एकेक करून बाहेर पडली. मी थांबलो. सर गावांचं विचारतील म्हणून थांबलो.

शेवटी मीच म्हणालो, 'सर, आज देवळाली...'

त्यांनी हात वर केला. कॉर्नरला मी करतो तसा. म्हणाले, 'नको, इमू. बाहेरच्या माणसाला सांगायचं नसतं.'

आवाज साधाच होता. त्यात टोमणा होता, की दुःख, की ते मला नुसता खेळातला नियम शिकवत होते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो. ते कप गोळा करायला वळले आणि माझा कप अजून भरलेला बघून म्हणाले, गार झाला असेल, दुसरा टाकू का.